टक्का जनुकांचा, पत्ता मुलाचा

स्वीडनमध्ये जुळी मुले नऊ वर्षांची झाली की त्यांच्या आईवडिलांना एक फोन येतो. पलीकडची व्यक्ती एकेका मुलाबद्दल विचारत जाते. बरोबरीच्या मुलांत मिसळणे त्याला जड जाते का? ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की ते बिथरते का? हातातले काम अर्धवट टाकून उठते का? वाचायला शिकताना अडखळले का? कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा हा उपक्रम २००४ पासून चालू आहे आणि देशातल्या प्रत्येक जुळ्या जोडीपर्यंत पोहोचण्याचा त्याचा प्रयत्न असतो. ब्रिटनमध्येही १९९४ ते १९९६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या जुळ्यांचा असाच पाठपुरावा रॉबर्ट प्लोमिन यांनी सुरू केला.

२०२१ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या झोई रीड, ऑलिव्हर डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही अभ्यासांतली माहिती नकाशावर मांडली. स्वीडनमधल्या ८,३०७ जोड्या होत्या, ब्रिटनमधल्या ५,७९६. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणे एका मुलात जास्त आणि दुसऱ्यात कमी का, याच्या उत्तरात जनुकांचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हा हिशेब जागा बदलली की बदलतो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. तो बदलत होता. स्वीडनच्या अगदी दक्षिणेला आणि देशाच्या मध्यातून जाणाऱ्या एका पट्ट्यात जनुकांचा वाटा जास्त दिसला. परिस्थितीचा वाटा दक्षिणेत आणि उत्तरेत जास्त, मधल्या पट्ट्यात कमी. ब्रिटनमध्ये परिस्थितीचे पारडे दक्षिण आणि पूर्व भागांत जड होते, उत्तरेला आणि पश्चिमेला हलके.

त्याआधी २०१२ मध्ये डेव्हिस, प्लोमिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ६,७५९ जुळ्या जोड्यांच्या ४५ गुणवैशिष्ट्यांचे असेच नकाशे केले होते. वर्गातल्या वर्तनाच्या तक्रारींबाबत त्यात लंडन उठून दिसत होते. तिथे परिस्थितीचा वाटा इतर ठिकाणांपेक्षा मोठा होता. लंडनमध्ये गरीब आणि श्रीमंत घरे एकमेकांना खेटून आहेत, शेजारची दोन मुले अगदी निराळ्या परिस्थितीत वाढतात, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सुचवले.

हे नकाशे कारण सांगत नाहीत, कुठे शोधायचे ते सुचवतात. मूल उशिरा बोलू लागले, वर्गात एका जागी टिकेना, अक्षरे उलटीपालटी लिहू लागले, की घरात एकच प्रश्न घोळू लागतो: हे रक्तातून आले, की आमच्या हातून काही चुकले? उत्तर टक्केवारीत मिळेल अशीही अपेक्षा असते. गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर असे दिसते की ही टक्केवारी कोणा एका मुलाची नसतेच. ती एका ठिकाणच्या, एका काळातल्या लोकसंख्येची असते.

या प्रश्नाचा लंबक मात्र दोन्ही टोकांना जाऊन आला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरमध्ये तपासलेल्या ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून दिली. त्यानंतरच्या काळात दोष सरळ आयांच्या माथी मारला गेला. आई थंड, मायेचा ओलावा नसलेली, म्हणून मूल स्वतःत मिटले, असा तो सिद्धांत. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधल्या पुस्तकाने तो घरोघरी पोहोचवला. एका पिढीतल्या असंख्य स्त्रियांनी हा कलंक सोसला.

त्याला मोठा धक्का दिला जुळ्यांनी. एकाच फलित बीजापासून झालेल्या हुबेहूब जुळ्यांची जनुके जवळजवळ सगळी सारखी असतात, तर दोन वेगळ्या बीजांच्या साध्या जुळ्यांची, इतर भावंडांप्रमाणे, सरासरीने निम्मी. घर तेच, आई तीच. तेव्हा हुबेहूब जुळ्यांमधले साम्य साध्या जुळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले, तर त्यात जनुकांचा हात असला पाहिजे. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये २१ जोड्या तपासल्या. ११ हुबेहूब जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, १० साध्या जोड्यांपैकी एकीतही नाही. भाषा आणि आकलनाच्या सौम्य अडचणीही मोजल्या, तर हुबेहूब जोड्यांत हा आकडा ११ पैकी ९ वर गेला. अभ्यास चिमुकला होता, पण थंड आईचा सिद्धांत त्यानंतर फार काळ तग धरू शकला नाही.

पुढे आकडे मोठे होत गेले. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या २० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये ऑटिझममधला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के काढला गेला. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, याबाबत जुळ्यांच्या अभ्यासांची सरासरी ७४ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रत्यक्ष जनुकेही सापडू लागली. २०२० मध्ये ३५,५८४ जणांच्या तपासणीतून ऑटिझमशी निगडित १०२ जनुकांची यादी पुढे आली. २०२३ मध्ये एडीएचडी असलेल्या ३८,६९१ जणांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा निश्चित झाल्या.

दोन गोष्टी या शोधांनी स्पष्ट केल्या. पहिली अशी की बहुतेक मुलांच्या बाबतीत एकच दोषी जनुक नसते. प्रत्येकाकडे असणारे हजारो बारीक फरक थोडेथोडे जमा होतात. त्यामुळे लक्षणे असलेले मूल आणि नसलेले मूल यांच्यात काटेकोर रेषा ओढता येत नाही, चढ सलग असतो. दुसरी गोष्ट अशी की जे जनुकीय ते सगळे वारशाने आलेले असेलच असे नाही. मोठा परिणाम करणारे काही बदल आई किंवा वडील कोणातच नसतात. ते बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेच्या सुमारास नव्याने घडलेले असतात. 'आमच्या घराण्यात असे कधी नव्हते' हे वाक्य त्यामुळे खरे असू शकते, आणि तरीही कारण जनुकीयच असू शकते.

मग ८० टक्के जनुकीय म्हणजे २० टक्केच काय ते हातात उरले, असे समजायचे का? इथेच मोठी गफलत होते. आनुवंशिकतेचा वाटा हा माणसामाणसातल्या फरकाचा हिशेब आहे. हाताला पाच बोटे असणे हे जनुकांचे काम. तरीही एखाद्या कारखान्याच्या गावात कोणाला पाच आणि कोणाला चार बोटे का, असे विचारले तर बहुतेक उत्तरे यंत्रात हात सापडण्यापाशी येऊन थांबतील. तिथल्या फरकातला जनुकांचा वाटा शून्याकडे झुकेल. उलटही घडते. नॉर्वेत दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षणाची दारे सर्वांना उघडली. तिथल्या जुळ्यांच्या १९८५ मधल्या अभ्यासात दिसले की १९४० नंतर जन्मलेल्या पुरुषांच्या शिक्षणातल्या फरकात जनुकांचा वाटा आधीच्या पिढीपेक्षा मोठा होता. संधीतली विषमता कमी झाली, तेव्हा उरलेल्या फरकात जनुके जास्त दिसू लागली. जनुके होती तिथेच होती.

अमेरिकेत एरिक टर्कहाइमर यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांची अशीच फोड केली. सुखवस्तू घरांत फरकातला मोठा भाग जनुकांचा निघाला, गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळपास दिसेनासा झाला. पुढे २०१६ मध्ये एलियट टकर-ड्रॉब आणि टिमथी बेट्स यांनी अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र केले. हा परिणाम अमेरिकेत दिसत होता, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात नाही. आरोग्यसेवा आणि शाळा सर्वांना बऱ्यापैकी सारख्या मिळाल्या तर गरिबीची धार बोथट होते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समज मोडून काढणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण फिनाइलकीटोन्युरियाचे. १९३४ साली नॉर्वेतल्या एका आईने आपल्या दोन मतिमंद मुलांच्या अंगाला आणि लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचा छडा लावायचाच, असा हट्ट धरला. आस्ब्योर्न फॉलिंग या डॉक्टरांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले आणि ती गर्द हिरवी झाली. त्या मुलांच्या शरीरात प्रथिनांमधल्या फिनाइलअलॅनिन या घटकाचे विघटन होत नव्हते, तो साचून मेंदूला इजा करत होता. दोष शंभर टक्के जनुकाचा. उपाय मात्र ताटातला: हा घटक अत्यल्प असलेला आहार. १९५० च्या दशकात हॉर्स्ट बिकेल यांनी बर्मिंगहॅममध्ये तो करून दाखवला आणि १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होणारी चाचणी शोधली. जिथे ती चाचणी आणि तो आहार मिळतो तिथे हे जनुक घेऊन जन्मलेले मूल इतरांसारखे शिकते. जिथे मिळत नाही तिथे त्याच जनुकाने बुद्धी खुंटते. भारतात ही चाचणी अजून प्रत्येक नवजात बाळाच्या वाट्याला येत नाही.

आता परिस्थितीच्या बाजूने पाहू. तिचे सर्वांत पक्के पुरावे दुधाच्या दातांत सापडले आहेत. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७० च्या दशकात बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात शाळांमार्फत गोळा केले. दातात साठलेले शिसे मोजले आणि शिक्षकांना, मुलांची मोजमापे न सांगता, काही साधे प्रश्न विचारले. मूल सहज विचलित होते का, सूचना पाळते का, हातातले काम चिकाटीने करते का. शिशाची विषबाधा झाल्याचे एकाही मुलात वरवर दिसत नव्हते. तरीही दातातले शिसे जसे वाढत गेले, तशी शिक्षकांची तक्रारही पायरी पायरीने वाढत गेली. १९७९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पेट्रोलमधून शिसे हद्दपार करण्याच्या मोहिमेला त्यांनी बळ दिले.

चार दशकांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतले मनीष अरोरा दातांकडेच वळले, आणि तेही स्वीडनमधल्या जुळ्यांच्या. दात गर्भात असल्यापासून थरावर थर चढवत वाढतो आणि जन्माच्या वेळी त्यात एक रेघ उमटते. लेझरने एकेक थर तपासला तर कोणत्या आठवड्यात शरीरात कोणता धातू किती होता, हे वाचता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या दातांत जन्माच्या आगेमागे शिसे जास्त, तर जस्त आणि मँगनीज कमी आढळले. एकाच आईच्या पोटात, एकाच वेळी वाढलेल्या दोन मुलांच्या शरीरांनी तेच धातू वेगळ्या रीतीने हाताळले होते. अभ्यासातल्या जोड्या ३२ होत्या, म्हणून निष्कर्ष जपून घ्यायला हवा, पण जनुके आणि परिसर यांची गाठ कुठे पडते ती जागा त्यात दिसते. अमेरिकेत जोएल निग यांच्या गटाला २०१६ मध्ये असेच काही दिसले. शरीरातल्या लोहाचे नियमन करणाऱ्या एचएफई जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्या मुलांत रक्तातले थोडेसे शिसेही अतिचंचलतेशी जास्त घट्ट जोडलेले होते.

बार्सिलोनाचे उदाहरण तर एकाच शहरातले आहे. जॉर्डी सुन्येर यांच्या गटाने ३९ शाळांमधल्या ७ ते १० वर्षांच्या २,७१५ मुलांची स्मरणशक्ती वर्षभरात चार वेळा मोजली आणि शाळांच्या आवारातला वाहनांचा धूरही मोजला. कमी प्रदूषित शाळांत मुलांची कार्यकारी स्मृती वर्षात ११.५ टक्क्यांनी वाढली, जास्त प्रदूषित शाळांत ७.४ टक्क्यांनीच. पुढे याच मुलांच्या जनुकांची तपासणी झाली. एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार असलेल्या मुलांना धुराचा फटका जास्त बसल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

एक जनुक आणि एक संकट यांच्या अशा जोड्या ऐकायला फार आकर्षक असतात. म्हणूनच इथे सावध राहायला हवे. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या अभ्यासावरून सेरोटोनिनशी संबंधित एक जनुक आणि आयुष्यातले आघात मिळून नैराश्य आणतात, असे जाहीर झाले आणि त्यावर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तो दावा आणि त्याच्यासारखे इतर दावे तपासले गेले, तेव्हा हाती काहीच लागले नाही. एचएफई आणि एपीओईच्या निष्कर्षांनाही अजून मोठ्या आणि वेगळ्या लोकसंख्यांच्या परीक्षेतून जायचे आहे. शिसे आणि धूर मुलांच्या मेंदूला बाधतात, हे मात्र त्या परीक्षेवर अवलंबून नाही.

दुसरी अडचण पत्त्याचीच आहे. कोण कुठे राहतो हे योगायोगाने ठरत नाही. ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांच्या जनुकांची पाहणी करून अब्देल अब्देलाउई यांनी २०१९ मध्ये दाखवले की जुन्या कोळसाखाणींच्या भागांतून बाहेर पडलेल्या लोकांत शिक्षणाशी निगडित जनुकीय फरकांचे प्रमाण मागे राहिलेल्यांपेक्षा जास्त होते. माणसे हलतात, त्यांच्याबरोबर जनुके हलतात. मग त्या भागातल्या मुलांच्या अडचणी खाणीमुळे की स्थलांतरामुळे, हे सांगणे अवघड होते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन या तंत्रज्ञाननगरीत २०१२ च्या एका पाहणीत शाळांनी दर १०,००० मुलांमागे २२९ जणांना ऑटिझम असल्याचे कळवले. हार्लेममध्ये हा आकडा ८४ होता आणि उट्रेख्तमध्ये ५७. एडीएचडीचे प्रमाण मात्र तिन्ही शहरांत सारखेच. अभियंत्यांच्या वस्तीत तशा वृत्तीची जोडपी जमतात आणि मुलांत ती जनुके दुहेरी उतरतात, असा सायमन बॅरन-कोहेन यांचा तर्क आहे. तिथले शिक्षक आणि पालक ऑटिझम लवकर ओळखतात, असेही असू शकते.

निदानालाही भूगोल असतो. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या नोंदी तपासताना पीटर बेअरमन यांच्या गटाला दिसले की ऑटिझमचे निदान झालेले मूल जवळपास राहत असेल, तर शेजारच्या मुलाला तेच निदान मिळण्याची शक्यता वाढते. माहिती एका पालकाकडून दुसऱ्याकडे जाते, कोणत्या डॉक्टरकडे जायचे ते कळते. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची सीमारेषा १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त मिळते, असे २०१८ मध्ये आढळले. ऑगस्टची मुले वर्गात सर्वांत लहान असतात आणि त्यांचे वयाला साजेसे चुळबुळेपण आजार ठरते.

जनुके आणि परिस्थिती एकमेकांचे कपडे घालून कशी फिरतात, हे आणखी दोन अभ्यासांनी दाखवले. आइसलँडमध्ये ऑगस्टीन काँग यांनी २०१८ मध्ये आईवडिलांची मुलाला न मिळालेली जनुके मोजली. तीही मुलाच्या शिक्षणावर परिणाम करत होती, मिळालेल्या जनुकांच्या सुमारे ३० टक्के. कारण ती जनुके आईवडिलांना घडवतात आणि आईवडील घर घडवतात. दुसरा अभ्यास पॅरासिटामॉलचा. गर्भारपणात हे औषध घेतल्याने ऑटिझमचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकी सरकारने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिला. पण त्याआधीच, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या होत्या. सरसकट पाहिले तर औषध आणि ऑटिझम यांचा किंचित संबंध दिसत होता. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी औषध घेतलेले आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो नाहीसा झाला.

परिस्थिती पराकोटीची वाईट असेल तर काय होते, याची नोंद रुमानियाने जगाला दिली. १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुले पाळण्यांत पडून होती. त्यांना खाणे जेमतेम होते आणि बोलायला माणूस नव्हते. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा रटर आणि एडमंड सोनुगा-बार्क यांनी तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत सुटका झालेली मुले इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्या अनेकांत ऑटिझमसारखी लक्षणे आणि लक्ष न टिकणे मोठेपणीही कायम राहिले. तरी त्यांच्यातलीही सुमारे एकपंचमांश मुले कसल्याच अडचणीशिवाय वाढली. ती कशी वाचली, याचा शोध आता जनुकांत घेतला जातो आहे.

भारतात पत्त्याचे महत्त्व याहून ढळढळीत आहे. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. गर्भारपणात आयोडिनची तीव्र उणीव राहिली तर बाळाचा मेंदू खुंटतो, आणि टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचे जगातले हे एक प्रमुख कारण आहे. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काहींना आयोडिनयुक्त आणि एकाला साधे मीठ पुरवले. आयोडिन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला, साध्या मिठाच्या भागात तसाच राहिला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आयोडिनच्या तुटवड्यातही प्रत्येक मूल सारखे बाधित होत नाही. चीनमधल्या अशाच भागांत थायरॉइड संप्रेरकाशी संबंधित डीआयओ-२ जनुकाचे काही प्रकार मतिमंदत्वाशी जोडलेले आढळले. मिठाने मात्र सगळ्यांचेच रक्षण केले, कोणाकडे कोणता प्रकार आहे हे न विचारता.

हेच कांगडा २०१८ मध्ये पुन्हा एका अभ्यासात आले, या वेळी उत्तर गोवा, हैदराबाद, हरियाणातले पलवल आणि ओडिशातले ढेंकानाल यांच्या जोडीने. इनक्लेन संस्थेच्या नरेंद्र अरोरा यांच्या नेतृत्वाखाली २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची घरोघरी जाऊन तपासणी झाली. ऑटिझम, फेफरे, बौद्धिक अक्षमता, ऐकण्या-बोलण्यातल्या अडचणी, आणि मोठ्या मुलांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता असे सगळे धरले. सहा वर्षांखालच्या मुलांत यांपैकी किमान एक अडचण असण्याचे प्रमाण एका ठिकाणी २.९ टक्के होते आणि दुसऱ्या ठिकाणी १८.७. एका देशातला हा सहापट फरक केवळ जनुकांनी पडणे शक्य नाही. ज्या गोष्टींशी तो जोडलेला आढळला त्यांची यादी बोलकी आहे: घरी झालेले बाळंतपण, जन्मताच श्वास गुदमरणे, कमी वजन किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ, नवजात काळातले आजारपण, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली उंची.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास जगभर उद्धृत होतो. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला. अर्ध्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, कारण दूध, अंडी, मांस ताटात बेताचेच. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे उलटसुलट म्हणायला लावले, रंगीत आकड्यांच्या माळा जोडायला दिल्या. गर्भारपणात ज्यांच्या आईचे बी-१२ फार कमी होते, ती मुले लक्ष आणि कार्यकारी स्मृती यांत मागे पडली. पुढच्या टप्प्यात त्याच गावांतल्या किशोरवयीन मुलींना लग्नाआधीपासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिले गेले. त्यांची मुले दोन-तीन वर्षांची झाल्यावर आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत पुढे होती. बी-१२ शोषण्याची आणि रक्तात वाहून नेण्याची क्षमता जनुकांप्रमाणे कमीजास्त असते, हे भारतीयांवरच्या अभ्यासांतही दिसले आहे. ज्यांच्याकडे ती मुळात कमी, त्यांना शाकाहारी आणि तुटपुंज्या ताटाचा चिमटा जास्त बसणार.

काही वेळा जनुकांची सांगड रूढीच घालते. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची पद्धत आहे आणि इरावती कर्वे यांनी भारतातल्या आप्तसंबंधांच्या अभ्यासात तिची सविस्तर नोंद केली आहे. आजीआजोबांकडून आलेले एखादे सुप्त जनुक अशा लग्नात दोन्ही बाजूंनी एकत्र येऊ शकते. पश्चिम आशियातल्या अशाच कुटुंबांच्या अभ्यासातून २००८ मध्ये ऑटिझमशी निगडित काही जनुके सापडली. प्रत्यक्षातला वाढीव धोका काही टक्क्यांचाच असतो आणि बहुसंख्य मुले निरोगी जन्मतात. म्हणून भीती घालण्यापेक्षा लग्नाआधीचे जनुकीय समुपदेशन तालुक्याच्या ठिकाणी मिळणे जास्त उपयोगी.

शिशाचा प्रश्न तर उघड्यावरच पडला आहे. देशभरात शिसेमुक्त पेट्रोल २००० साली आले. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने रक्तात चिंताजनक शिसे असलेल्या भारतीय मुलांची संख्या सुमारे २७.५ कोटी धरली, जगात सर्वांत जास्त. जुन्या बॅटऱ्या फोडणारे छोटे धंदे, जुना रंग, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून मिसळले जाणारे लेड क्रोमेट, हे त्याचे काही मार्ग. मूल वर्गात चुळबुळ करते म्हणून तक्रार येते, तेव्हा रक्तातले शिसे तपासायला क्वचितच कोणी सांगते.

या सगळ्यात एक मोठी पोकळी आहे. जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, अशी मोजदाद ॲलिशिया मार्टिन यांनी २०१९ मध्ये मांडली. त्यांच्या जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेले जोखमीचे गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावले की भाकीत बरेच लंगडे पडते. बाळाची बुद्धिमत्ता आणि कल लाळेच्या थेंबावरून सांगण्याच्या जाहिराती इथल्या पालकांपर्यंतही पोहोचतात, त्यांना आज शास्त्रीय आधार नाही. स्वीडनसारखा नकाशा काढायचा तर इथल्या जुळ्यांची, जन्मनोंदींची आणि परिसराची सांगड घालणारी माहिती लागेल. ती अजून कोणी जमवलेली नाही.

पण मदत करायला त्या नकाशासाठी थांबण्याचे कारण नाही, हे गोव्यातच दिसले आहे. संगाथ संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीबरोबर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑटिझम असलेली ६५ मुले होती. खास पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या. आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रण करून ते आईलाच दाखवायच्या. मूल कुठे बघत होते, त्याने कधी काही सांगू पाहिले, तिने कधी थांबायला हवे होते, हे त्या दोघी मिळून शोधत. आयांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. त्या मुलांची जनुके कोणीही बदलली नव्हती.

जनुके किती आणि परिस्थिती किती, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही आणि ते मिळेपर्यंत थांबण्याची गरजही नाही. बी-१२, आयोडिन, सुरक्षित बाळंतपण, शिसेमुक्त घर आणि वेळेवर तपासणी या गोष्टी कोणतीही जनुके घेऊन आलेल्या मुलाला उपयोगी पडतात आणि ज्यांची जनुके नाजूक आहेत त्यांना सर्वांत जास्त. 'त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता' असे म्हणून घरातली वडील माणसे धीर देतात. त्यातला आनुवंशिकतेचा भाग खरा असेलही, पण वाट पाहण्याचा सल्ला चुकीचा आहे. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत आणि मग विकासाची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळांत येणारी त्याची पथके अशा मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, आणि तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत.